बस म्हणजे बस

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आम्ही जी खुर्ची बनवली तिला प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं. हाताच्या स्नायूंमधला विजेचा संकेत पकडून माणसाला आपोआप उभं करणारी खुर्ची. प्रमाणपत्रावर असंच लिहिलं आहे, सोनेरी अक्षरांत. त्या खुर्चीनं संकेत पकडून आजवर एकाही माणसाला उभं केलेलं नाही. हे आम्हा तिघा विद्यार्थ्यांना माहीत होतं, आमच्या गाइड सरांना माहीत होतं, आणि परीक्षकांनी पाच मिनिटं डोकं चालवलं असतं तर त्यांनाही कळलं असतं. माहीत नव्हतं ते फक्त आत्याला. आणि खुर्ची तिच्याच नावानं बनत होती.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, सरकारी ऑफिसात हिंदी टायपिस्ट म्हणून जन्म काढला. राज्याची वाटणी झाली तेव्हा तिच्या ऑफिसातले बरेच लोक बदली होऊन रायपूरला गेले. आत्या जबलपूर सोडायला तयार झाली नाही. कारण काय तर तिचा टाइपरायटर इथे होता आणि त्याचा 'क्ष' तिलाच नीट उठवता यायचा. रिटायर झाल्यावर दोन-तीन वर्षांत संधिवातानं तिला धरलं. बोटं एका बाजूला वाकली, गुडघे आखडले. एकदा उभी राहिली की वॉकर धरून ती घरभर फिरायची, स्वयंपाकघरात येऊन भाजीला नावं ठेवायची, भेडाघाटाहून आणलेल्या संगमरवरी बुद्धमूर्तीवरची धूळ पदरानं पुसायची. अडायचं ते फक्त उठताना. बसल्या जागेवरून उठायला तिला दुसऱ्या माणसाचा हात लागायचा.

आणि दिवसा घरात दुसरं माणूस नव्हतं. बाबा डिफेन्सच्या फॅक्टरीत, आई शाळेत, मी कॉलेजात. दहा ते चार आत्या एकटी. दुपारी एकला शेजारच्या दीदी किल्लीनं दार उघडून यायच्या, आत्याला उठवून बाथरूमला न्यायच्या, परत बसवून जायच्या. आत्यानं यावर स्वतःच एक उपाय शोधून काढला होता. सकाळपासून पाणीच प्यायचं नाही. चहा अर्धा कप, तोही आई रागावली तर. जबलपूरच्या मे महिन्यातसुद्धा ती कोरड्या ओठांनी बसून राहायची आणि विचारलं की म्हणायची, "तहानच नाही लागून राहिली तर काय करू?" मग लघवीला जळजळ व्हायची, ताप यायचा, आणि डॉक्टर शहाणपणानं सांगायचा, "माताजी, पानी ज़्यादा पिया कीजिए." पाणी प्यायल्यावर ही बाई जाणार कशी, हे त्याला कधी सुचलं नाही. एवढं शिकून माणसाला एवढंही सुचत नसेल तर त्यानं शिकावं तरी कशाला?

आम्ही घरी असलो तरी तिला ते सगळं नकोसंच व्हायचं. आपण धरून न्यायचं, दाराबाहेर उभं राहायचं, दार नुसतं लोटलेलं, कारण परत उठवायला आत जावं लागायचं. आमच्या बाथरूमची आतली कडी आत्यानं तीन वर्षांत लावली नव्हती. आयुष्यभर एकटी राहिलेली, स्वतःच्या खोलीला कुलूप लावून ऑफिसला जाणारी बाई. आत जाताना ती माझ्याकडे बघायची नाही.

म्हणून मी प्रोजेक्टसाठी खुर्ची सुचवली. मागून वर उचलली जाणारी सीट, खाली मोटर, हाताशी एक बटन. बटन दाबलं की सीट वर, माणूस उभं. गाइड सरांनी माझा कागद दोन बोटांत असा धरला की जणू मी त्यांना वाण्याची यादी दिली होती.

"इसमें इंजीनियरिंग कहाँ है? बटन तो पंखेवाला भी लगा देता है."

सरांना 'बायो' या शब्दाचं वेड लागलं होतं. कुठल्याशा कॉन्फरन्सला जाऊन आल्यापासून त्यांना प्रत्येक गोष्टीत बायो हवं असे. त्यांनी पेन काढलं आणि माझ्याच कागदाच्या मागे आपली खुर्ची काढली. स्नायू आवळला की त्यात किंचित वीज तयार होते. कातडीवर चिकटपट्ट्या लावून ती पकडायची, मोठी करायची, कॉम्प्युटरनं ओळखायची, मग मोटर चालवायची. मूठ आवळली की सीट वर, हात सैल सोडला की सीट थांबली. चित्र बघण्यासारखं होतं. वायरी होत्या, डबे होते, बाण होते, खुर्चीवर बसलेलं माणूस तेवढं काढायचं राहिलं होतं.

खरं सांगायचं तर मलाही ते आवडलं. बटनापुढे ते फारच झगमगीत होतं. आत्याचं कोपर चांगलं चालतं, कोपरानं ती फ्रिजचं दारसुद्धा लावते, हे मी रोज बघत होते आणि तरी मान हलवली. तेव्हाची मी आज मला भेटले तर मी तिच्याशी बोलणार नाही.

माझ्याबरोबर दोघं होते. एक कोडवाला, एक स्लाइडवाला. त्यांना मी याच नावांनी ओळखते आणि तेवढी ओळख पुरे आहे. कोडवाला कुणाच्या तरी जुन्या प्रोजेक्टमधला प्रोग्राम उचलून त्यातली नावं बदलायचा. स्लाइडवाला व्यायामशाळेत जायचा, शर्टाच्या बाह्या दुमडून ठेवायचा आणि स्लाइडवर बाण उडवत आणायचा. बाण डावीकडून यावा की उजवीकडून, यावर त्यानं एक आख्खी दुपार घालवली होती.

खुर्चीचा सांगाडा आम्ही कमानिया गेटच्या मागच्या गल्लीतल्या एका वेल्डिंगवाल्या भैयांकडे बनवून घेतला. पिकलेल्या मिशांचे, कमी बोलणारे. त्यांनी पाइप कापले, बिजागऱ्या बसवल्या, मोटर बसवली, आणि सगळं झाल्यावर विचारलं, "और बटन किधर लगेगा, बेटा?"

आम्ही तिघंही हसलो. कोडवाला म्हणाला, "भैया, बटन-वटन नहीं. दिमाग से चलेगी."

"दिमाग तो आपका है," भैया म्हणाले. "बैठेंगी तो अम्मा."

यावरही आम्ही हसलो. कॉलेजच्या कँटीनमध्ये हा किस्सा दोन दिवस चालला.

मग घरी आत्याच्या हाताचं रेकॉर्डिंग सुरू झालं. कॉम्प्युटरला आधी शिकवावं लागतं, आवळलेला हात कसा दिसतो आणि सैल हात कसा. आत्या त्या दिवशी ऑफिसातली साडी नेसली, घड्याळ लावलं. मी तिच्या हातावर चिकटपट्ट्या लावल्या. तिनं मूठ वळायचा प्रयत्न केला, पूर्ण वळली नाही, पण पडद्यावरची सरळ रेघ एकदम थरथरली आणि उभी उसळली. आत्याचा चेहरा असा उजळला की मी तिला तसं कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं.

"पाह्य ना! अजून करंट आहे माझ्या हातात!"

आई शाळेतून आली तर तिला दाखवलं, शेजारच्या दीदींना बोलावून दाखवलं. दीदी म्हणाल्या, "अरे वाह, बुआजी तो बिजली घर निकलीं." आत्या दिवसभर त्याच तोऱ्यात होती.

रेकॉर्डिंगची पद्धत सोपी होती. स्लाइडवाला मोबाइलवर शूटिंग करायचा, कोडवाला लॅपटॉप बघायचा आणि मी आत्याला सांगायचे. "आवळ" म्हटलं की तिनं मूठ आवळायची, "बस" म्हटलं की सोडायची, त्यात समजावून सांगण्यासारखं आम्हाला काही वाटलं नाही. आवळ, बस. आवळ, बस. चाळीस वेळा.

कॉम्प्युटरला काही कळलं नाही. आवळलेला हात आणि सैल हात त्याला सारखेच दिसत होते. उलट कधी कधी सैल हातातच जास्त वीज दिसायची. कोडवाल्यानं आपला उचललेला प्रोग्राम तपासला नाही, पट्ट्या तपासल्या नाहीत, आत्याच्या तोंडावर निकाल सांगून टाकला, "सब्जेक्ट वीक है."

आत्या हिंदीत टायपिंग करून रिटायर झाली असली तरी 'वीक' तिला कळत होतं. दुसऱ्या दिवसापासून तिच्या मांडीवर ओला टॉवेल असे आणि ती तो वाकड्या बोटांनी पिळत बसे. सांधे सुजून लाल झाले. मी म्हटलं, आत्या, राहू दे. ती म्हणाली, "तुया खुर्चीले करंट कमी पडून राहिला ना? मंग?" ज्याला वाचता येत नव्हतं तो कॉम्प्युटर होता आणि शिकवणी चालली होती आत्याची.

प्रदर्शनाला आठवडा उरला. सरांना घाम फुटला, पण उपाय त्यांच्याकडे तयारच होता. असे उपाय अशा माणसांकडे नेहमी तयार असतात. ते म्हणाले, "डेमो मोड बना लो." म्हणजे आत्या खुर्चीवर बसेल, पट्ट्या लावलेल्या असतील, पडद्यावर रेघ उसळेल, आणि खुर्ची मात्र कोडवाला लॅपटॉपची स्पेस बार दाबून उचलेल. परीक्षकांना काय कळतंय! आणि आत्याला आणायचंच, कारण खरीखुरी लाभार्थी समोर असली की मार्क पडतात.

मी काय केलं? काही नाही. गप्प बसले. नऊ वर्षांची असताना शाळेत माझी वही फाडणाऱ्या मुलीला मी चावले होते. तीच मी एका स्पेस बारसमोर गप्प बसले.

प्रदर्शनाच्या हॉलमध्ये आत्या सकाळी दहापासून खुर्चीवर बसून होती, पाण्याचा थेंब न घेता. आमची पाळी साडेबाराला आली. स्लाइडवाल्याचे बाण उडत आले. एका स्लाइडवर आत्याचा फोटो होता, खाली लिहिलं होतं 'सब्जेक्ट'. सर इंग्रजीत बोलत होते. मग त्यांनी मान हलवली, मी "आवळ" म्हटलं, आत्यानं ओठ चावून सगळा जीव मुठीत आणला आणि त्याच क्षणी कोडवाल्यानं अंगठा दाबला. खुर्ची उचलली गेली. टाळ्या. आत्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि ती जे काही हसली ते मला आजही सहन होत नाही.

सर बोलतच होते. सीट अर्ध्याहून वर आली होती, कोडवाला परीक्षकांकडे बघून स्मित करत होता आणि अंगठा तसाच दाबून होता. आत्याचे गुडघे थरथरायला लागले. वॉकर अजून तिच्या हातात दिलेला नव्हता, फोटोत आडवा येतो म्हणून बाजूला ठेवला होता. मी कोडवाल्याला ओरडले, "बस! बस!"

आणि आत्या बसली.

तिच्यामागे बसण्यासारखं काही नव्हतं. सीट घसरगुंडीसारखी तिरकी झाली होती. आत्या तिच्यावरून सरकत खाली फरशीवर आली, साडी गुडघ्यापर्यंत वर गेली, हाताच्या वायरी तटतट सुटल्या. दोनशे माणसांसमोर. सर पुढे आले, पण आत्याकडे नाही, परीक्षकांकडे. "कुछ नहीं, कुछ नहीं, पेशेंट थोड़ा नर्वस हो गई." आम्ही तिला उचललं. हाड मोडलं नव्हतं. परीक्षकांनी सामाजिक जाणिवेबद्दल दोन वाक्यं बोलून आम्हाला पहिलं बक्षीस दिलं.

घरी जाताना ऑटोत आत्या हातावर उरलेली चिकटपट्टी सोलत होती. मग म्हणाली, "माझाच हात चुकला असंल. भलतीकडेच करंट गेला."

"तू बसलीस काहून पण?" मी रागानंच विचारलं. राग माझाच मला आला होता, तो तिच्यावर काढत होते.

"तूच तर म्हणाली, बस. म्हणून बसली."

मी कपाळाला हात लावला. आमच्या घरची मराठी म्हणजे अर्धी हिंदी. कधी कुठला शब्द कुठल्या भाषेतून तोंडात येतो ते आम्हालाही कळत नाही. मी 'बस' म्हणाले ते हिंदीतलं, पुरे, थांबा. हिंदी 'बस' आत्याला माझ्यापेक्षा चांगला कळायचा. स्लाइडवाल्यानं म्हटलं असतं तर ती बरोबर समजली असती. पण मी तिची भाची. माझ्या तोंडचं ती मराठीच समजायची. माझा 'बस' तिच्यासाठी एकच होता, खाली बस.

घरी आल्यावर मी मोबाइलवरची शूटिंगं काढली. रेकॉर्डिंगचा पहिला दिवस. मी म्हणते, आवळ. आत्या मूठ आवळते. मी म्हणते, बस. आत्या आज्ञाधारकपणे दोन्ही हात खुर्चीवर दाबते, मागे सरकते आणि नीट, ताठ बसते. हातांचा सगळा जोर लावून. पुन्हा आवळ, पुन्हा बस, पुन्हा ती जास्तच नीट बसते. एकदा तर तिनं माझ्याकडे वैतागून पाहिलंय, की बसलेल्या माणसाला आणखी किती बसवशील. चाळीस वेळा. आम्ही कॉम्प्युटरला शिकवलं होतं की हा सैल हात आहे. तिघं होणारे इंजिनीअर आणि एक पीएचडी झालेले सर, आणि आमच्यापैकी एकानंही पडद्यावरून मान वर करून समोरच्या बाईकडे पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी कोडवाल्याला सांगितलं की सब्जेक्ट वीक नव्हती, सैल कुठला नि आवळलेला कुठला याची लेबलं चुकली होती, पुन्हा रेकॉर्डिंग करू, खुर्ची चालेल. तो म्हणाला, "अब तो मार्क्स चढ़ गए, यार." सरांनी खुर्चीवर हिरवं कापड टाकून ती लॅबमध्ये ठेवली होती. कुठली तरी कमिटी येणार होती, तिला दाखवायला. "घर? घर कैसे जाएगी? यह तो डिपार्टमेंट की प्रॉपर्टी है."

तिकडे घरी आत्या टॉवेल पिळतच होती. पुढच्या वेळी हात चुकू नये म्हणून. ते बघून माझ्याच्यानं राहवलं नाही. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि सांगितलं. शब्दाचं सांगितलं, लेबलांचं सांगितलं, आणि शेवटी ते सांगितलं की त्या दिवशी खुर्ची तिच्या हातानं उठलीच नव्हती.

"मंग कोणी उचलली?"

"त्यानं. बटन दाबून."

आत्यानं टॉवेल मांडीवर ठेवला. घडी घातली. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"बटन होतं?"

"हो."

"मंग मलेच काहून नाही दिलं ते?"

मी तोंड लपवून रडले आणि तिनं वाकड्या बोटांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, त्यानं मला आणखीच लाज वाटली.

नवी खुर्ची बनवायला सांगताना वेल्डिंगवाल्या भैयांना मी सगळं सांगितलं नाही, सांगायची गरजही पडली नाही. त्यांनी फक्त विचारलं, अम्मा का कौन सा हाथ ठीक है? मी म्हटलं कोपर, उजवं. दहाव्या दिवशी ते स्वतः हातगाडीवर खुर्ची घेऊन घरी आले. आमच्या प्रोजेक्टपेक्षा बुटकी आणि कुरूप. सीट जास्त वर जाऊन तिरकी होऊ नये म्हणून त्यांनी खाली एक लोखंडी आडकाठी लावली होती. आमच्या साठ पानांच्या रिपोर्टात ही आडकाठी नव्हती. उजव्या हाताशी, कोपर जिथे टेकतं तिथे, पुरीएवढी लाल चकती. दाबली की वर, सोडली की थांब. खाली यायला शेजारी दुसरी, हिरवी. कमोडवर लावायला अशीच एक छोटी उचलती सीटही त्यांनी आणली होती, तीही लगेच बसवून दिली.

रविवार होता, सगळे घरी होतो. मी म्हटलं, आत्या, बघ दाबून. ती म्हणाली, थांब. आधी तिनं चहा मागितला, पूर्ण कप. मग दोन ग्लास पाणी, एकामागून एक. आई बघतच राहिली. आत्या म्हणाली, "टेस्ट करायची तं नीट करा ना." मग आम्ही सगळे गप्पा मारत बसलो, म्हणजे तसं दाखवत बसलो. अर्ध्या तासानं आत्यानं वॉकर पुढे ओढला आणि चकतीवर कोपर ठेवलं.

मोटर घरघरली, सीट सावकाश वर आली, आडकाठीला टेकून थांबली. आत्यानं वॉकर धरला, गुडघे सरळ केले आणि उभी राहिली. मी सवयीनं पुढे झाले, तिच्या काखेत हात घालायला.

"बस," आत्या म्हणाली.

हिंदीत म्हणाली की मराठीत, मी विचारलं नाही. मी बसले.

ती वॉकर टेकवत बाथरूमपर्यंत गेली आणि तिनं दार ओढून घेतलं. आतून लोखंडाची खडखड ऐकू यायला लागली. कडी घट्ट होती, त्या बोटांना सरकत नव्हती. बाबा उठायला लागले, मी त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं. खडखड थांबली, पुन्हा सुरू झाली. आम्ही तिघंही त्या बंद दाराकडे बघत बसून होतो.

मग कडी लागली.